विश्लेषण : चाळिशीत ‘अ‍ॅजाइल कोच’ व्हायचे आहे? प्रमाणपत्र दोन दिवसांचे, वाट काही वर्षांची!

जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने (टीसीएस) सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंतच्या आयटी पट्ट्यात अस्वस्थता पसरली. कपातीची झळ मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीला बसेल, असे कंपनीने सांगितले होते. एआयमुळे नव्हे, तर कौशल्ये आणि उपलब्ध काम यांचा मेळ बसत नसल्याने हा निर्णय घ्यावा लागला, असा खुलासाही झाला. ज्यांना धक्का बसला तो वर्ग ओळखीचा आहे. पंधरा-वीस वर्षांचा अनुभव, हाताखाली माणसे, घराचा हप्ता सुरू, मुले आठवी-दहावीत आणि स्वतःच्या हाताने कोड लिहून बरीच वर्षे झालेली. याच वर्गातील अनेक जण गेल्या काही वर्षांत एका नव्या पदाकडे वळताना दिसतात. ते पद म्हणजे अ‍ॅजाइल कोच. प्रोजेक्ट मॅनेजर, टेस्ट लीड, बिझनेस अ‍ॅनालिस्ट, क्वचित मनुष्यबळ विभागातले अधिकारीही ही वाट धरतात. पण ही वाट नेमकी कुठे जाते आणि त्यावर चालायला काय लागते?

आधी हे अ‍ॅजाइल म्हणजे काय?

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यातल्या स्नोबर्ड या बर्फाळ डोंगरी ठिकाणी १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञ जमले. केंट बेक, मार्टिन फाउलर, केन श्वाबर, जेफ सदरलँड ही त्यांतली काही नावे. त्या बैठकीतून चार मूल्ये आणि बारा तत्त्वांचा एक छोटासा जाहीरनामा निघाला. सोप्या भाषेत त्याचा आशय असा की, कागदपत्रांच्या ढिगापेक्षा चालणारे सॉफ्टवेअर महत्त्वाचे, करारावर बोट ठेवण्यापेक्षा ग्राहकाशी बोलणे महत्त्वाचे आणि ठरलेल्या आराखड्याला चिकटून बसण्यापेक्षा बदलाला सामोरे जाणे महत्त्वाचे.

त्याआधी मोठे प्रकल्प बहुतांश ‘वॉटरफॉल’ पद्धतीने चालत. आधी सगळ्या गरजा लिहून काढायच्या, मग आराखडा, मग कोड, मग चाचणी. घर बांधावे तसे. अडचण अशी की, दोन वर्षांनी घर उभे राहते तेव्हा मालकाला दोन नव्हे, तीन खोल्या हव्या असतात. गंमत म्हणजे ज्या १९७० च्या लेखाला या पद्धतीचे मूळ मानले जाते, त्याच लेखात विन्स्टन रॉइस यांनी अशा सरळ रेषेतल्या कामात धोका असल्याचा इशारा दिला होता. आकृती सर्वांनी उचलली, इशारा मागे राहिला.

अ‍ॅजाइलने यावर काढलेला तोडगा म्हणजे एक ते चार आठवड्यांचे छोटे टप्पे. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी वापरता येईल असे काहीतरी दाखवायचे, प्रतिक्रिया घ्यायची आणि पुढचे ठरवायचे. यातली सर्वाधिक रुळलेली चौकट म्हणजे ‘स्क्रम’. हा शब्द रग्बीतला. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या जपानी अभ्यासकांनी १९८६ च्या लेखात उत्पादन विकासासाठी ही उपमा वापरली आणि १९९५ मध्ये सदरलँड व श्वाबर यांनी ती सॉफ्टवेअरच्या चौकटीत बसवली. म्हणजे फोटोकॉपी यंत्रे आणि कॅमेरे बनवणाऱ्या कारखान्यांतली कल्पना फिरून सॉफ्टवेअरमध्ये आली. पुणे-चाकणच्या वाहन उद्योगात कैझेन आणि ‘फाइव्ह एस’ राबवलेल्या अभियंत्यांना अ‍ॅजाइल ऐकून ‘यात नवीन काय?’ असे वाटते, ते अगदीच चूक नाही.

मग यात ‘कोच’ कुठून आला?

स्नोबर्डच्या जाहीरनाम्यात कोच हा शब्द नाही. स्क्रमची अधिकृत मार्गदर्शिका, म्हणजे २०२० ची जेमतेम १३-१४ पानांची आवृत्ती, तीतही अ‍ॅजाइल कोच नावाचे पद नाही. तिथे आहे तो ‘स्क्रम मास्टर’.

कोचची भूमिका ठळक झाली ती क्रायस्लर या मोटार कंपनीत. कर्मचाऱ्यांच्या पगाराची नवी संगणक प्रणाली अडकली होती. १९९६ मध्ये केंट बेक यांना तिथे बोलावण्यात आले आणि रॉन जेफ्रीज हे संघाचे कोच म्हणून काम पाहू लागले. तिथूनच ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ ही पद्धत आकाराला आली. १९९७ मध्ये ती प्रणाली सुमारे दहा हजार कर्मचाऱ्यांचे पगार करू लागली; पण उरलेल्यांपर्यंत पोहोचण्याआधीच, २००० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. ज्या प्रकल्पाने या व्यवसायाला जन्म दिला तो पूर्ण झाला नाही, हे आजही कोच मंडळी फारसे सांगत नाहीत.

पुढे पद्धती एका संघापुरत्या राहिल्या नाहीत. नेदरलँड्समधील आयएनजी बँकेने २०१५ मध्ये मुख्यालयातील सुमारे साडेतीन हजार कर्मचाऱ्यांची जुनी रचना मोडली आणि नऊ-नऊ जणांची सुमारे ३५० पथके, १३ मोठ्या गटांत विभागून उभी केली. कर्मचाऱ्यांना नव्या रचनेतील जागेसाठी पुन्हा अर्ज करावे लागले. या रचनेत अ‍ॅजाइल कोच हे अधिकृत पद होते. स्पॉटिफाय कंपनीतील संघरचनेवरचा हेन्रिक क्नीबर्ग आणि अँडर्स इवार्सन यांचा २०१२ चा टिपण-लेख तोवर जगभर फिरला होता. बँका, विमा कंपन्या, दूरसंचार कंपन्या यांना एकाच वेळी शेकडो संघ बदलायचे होते आणि ते बदलवणारी माणसे हवी होती. मागणी इथून वाढली. भारतीय आयटी कंपन्यांच्या मागे त्यांच्या ग्राहकांचा तगादा होता. टीसीएसने तर २०२० पर्यंत संपूर्ण कंपनी अ‍ॅजाइल करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते.

कोच दिवसभर करतो तरी काय?

मराठीत ‘कोचिंग’ म्हटले की क्लास आठवतो. फळा, नोट्स, सराव परीक्षा. अ‍ॅजाइल कोचच्या कामात शिकवणे आहे, पण तो चौथा हिस्साच धरावा. लिसा अ‍ॅडकिन्स या स्वतः आधी प्रोजेक्ट मॅनेजर होत्या. त्यांनी २०१० मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले आणि मायकेल स्पेड यांच्यासह कोचच्या क्षमतांचा आराखडा मांडला. त्यात चार निरनिराळ्या भूमिका आहेत. शिकवणे, अनुभवातून मार्गदर्शन करणे, बैठकीचे निःपक्ष संचालन करणे आणि चौथी, प्रश्न विचारून समोरच्याला स्वतःचे उत्तर शोधू देणे. यांतली कोणती भूमिका कधी घ्यायची, हे कळणे म्हणजे निम्मे काम.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. सकाळची पंधरा मिनिटांची ‘स्टँड-अप’ बैठक. नियमाप्रमाणे संघातील लोकांनी एकमेकांशी बोलून दिवसाचे काम ठरवायचे. प्रत्यक्षात काय होते? प्रत्येक जण मॅनेजरकडे तोंड करून काल काय केले ते सांगतो, मॅनेजर मान डोलावतो, बाकीचे मोबाइल बघतात. ही हजेरी झाली. नवा कोच इथे नियम सांगू लागतो. जाणता कोच दोन-तीन दिवस नुसता बघतो, मग मॅनेजरला बाजूला घेऊन विचारतो, ‘उद्या तुम्ही आला नाहीत तर ही बैठक होईल का?’ उत्तर ‘नाही’ असे आले, तर खरे काम संघाशी नसून मॅनेजरशी आहे, हे दोघांनाही कळते.

दर टप्प्याच्या शेवटी होणारे सिंहावलोकन हा दुसरा प्रसंग. काय चांगले झाले, काय बिघडले, पुढे काय बदलायचे. आपल्याकडच्या कार्यालयांत वरिष्ठांसमोर ‘हे बिघडले’ असे म्हणणे अवघड. त्यात बैठक इंग्रजीत चाललेली. सांगली, नांदेड किंवा जळगावहून आलेली, उत्तम कोड लिहिणारी मुलगी त्या तासात एक शब्द बोलत नाही आणि तिच्या कागदावर ‘सहभाग कमी’ असा शेरा पडतो. तीच मुलगी चहाच्या टपरीवर मराठीतून संपूर्ण प्रणालीतला दोष पाच मिनिटांत समजावून सांगते. अशा वेळी आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचे, मग वाचायचे, भाषा कोणतीही चालेल, एवढा साधा बदलही चर्चेचा रंग पालटतो. पुस्तकातल्या कोणत्याही तंत्रापेक्षा हे भान जास्त उपयोगी पडते आणि ते इथल्याच माणसाकडे असण्याची शक्यता अधिक.

आणखी एक काम आहे, जे जाहिरातीत लिहिलेले नसते. सहा महिन्यांत अमुक एवढे करून देऊ असे विक्री विभागाने ग्राहकाला आधीच सांगितलेले असते. तारीख ठरलेली, किंमत ठरलेली, मजकूर ठरलेला. आणि संघाला मात्र अ‍ॅजाइल व्हायला सांगितले जाते. हा विसंगतीचा गुंता वरच्या खोलीत जाऊन दाखवून देणे हे कोचचे काम. ते न करता फक्त खालच्या संघाला रंगीत चिठ्ठ्या चिकटवायला शिकवणारा कोच लवकरच विनोदाचा विषय होतो.

हा बदल कोणाला सोपा, कोणाला अवघड?

सर्वाधिक गर्दी प्रोजेक्ट मॅनेजरांची आहे आणि सर्वाधिक अवघडही त्यांनाच जाते. त्यांच्याकडे जमेच्या बाजू भरपूर. ग्राहकाला सांभाळणे, पैशाचे गणित, कोणत्या विभागात कोणाला फोन केला की काम होते याची माहिती. पण वीस वर्षे ज्या गुणाबद्दल त्यांना शाबासकी आणि बढती मिळाली, तोच गुण आता आडवा येतो. अडचण आली की ती स्वतः सोडवायची, हा तो गुण. कोचने मात्र उत्तर माहीत असूनही गप्प बसायचे असते. संघ चुकणार हे दिसत असते, चूक परवडणारी असेल तर ती होऊ द्यायची असते. मॅनेजरच्या हातातून अधिकार जातो, पगारवाढीचे फॉर्म जातात, माणसे ‘माझी’ राहत नाहीत. बदलाचा हा भाग भावनिक आहे आणि त्यावर कोणताही अभ्यासक्रम नाही. घरी-दारी ‘आता तुझ्या हाताखाली किती जण?’ या प्रश्नाला ‘कोणीच नाही’ असे उत्तर द्यावे लागते, ते वेगळेच.

टेस्टिंगमधून येणाऱ्यांचे तसे नाही. त्यांना अधिकाराची सवय नसते, प्रश्न विचारण्याची असते. काम कुठे अडते, कोणत्या गोष्टी ‘झाल्या’ म्हटल्या तरी झालेल्या नसतात, हे त्यांनी रोज पाहिलेले असते. कमतरता असते ती वरिष्ठांसमोर ठामपणे उभे राहण्याची. प्रोग्रॅमर कोच झाला तर संघ त्याचे लगेच ऐकतो, कारण तो कोडच्या पडद्यावर बोट ठेवून बोलू शकतो. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगचे पहिले कोच सगळे प्रोग्रॅमरच होते. पण त्याला कीबोर्ड ओढून घेण्याचा मोह आवरावा लागतो.

शिक्षक, प्रशिक्षक, मनुष्यबळ अधिकारी यांची चर्चा घडवून आणण्याची हातोटी चांगली असते. मात्र सॉफ्टवेअर कसे तयार होते, एखादा बदल वरून सोपा दिसत असला तरी आतून महिनाभराचा का असतो, हे त्यांनी किमान एका संघात बसून पाहिलेले नसेल, तर पहिल्याच महिन्यात विश्वास जातो. कारखान्यातून आलेल्यांचे पारडे इथे थोडे जड. यंत्र थांबवून दोषाच्या मुळाशी जाण्याची टोयोटाची शिस्त त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. फरक इतकाच की सॉफ्टवेअरमध्ये अर्धवट माल जमिनीवर पडलेला दिसत नाही, तो कोणाच्या तरी संगणकात लपलेला असतो.

दोन दिवसांच्या प्रमाणपत्राने कोच होता येते?

चार्टर्ड अकाउंटंट व्हायचे तर १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेली संस्था आहे. परीक्षा, आर्टिकलशिप, नोंदणी हे सगळे ठरलेले. अ‍ॅजाइल कोचसाठी असे काहीच नाही. कोणीही उद्यापासून स्वतःला कोच म्हणवून घेऊ शकतो आणि काही जण तसे करतातही.

त्या पोकळीत प्रमाणपत्रांची बाजारपेठ उभी राहिली. स्क्रम अलायन्सचे ‘सर्टिफाइड स्क्रम मास्टर’ साधारण दोन दिवसांच्या वर्गानंतर मिळते. ५० पैकी ३७ प्रश्न बरोबर आले की उत्तीर्ण. दर दोन वर्षांनी शुल्क भरून नूतनीकरण. श्वाबर यांनी २००९ मध्ये त्या संस्थेतून बाहेर पडून काढलेल्या स्क्रम डॉट ऑर्गच्या परीक्षेला वर्गाची सक्ती नाही. ६० मिनिटांत ८० प्रश्न आणि उत्तीर्ण होण्यासाठी ८५ टक्के. कमी पैशात आणि स्वतःच्या अभ्यासावर काही करायचे असेल तर हा पर्याय रास्त. त्यापलीकडे आयसी-अ‍ॅजाइलची कोचिंगविषयक प्रमाणपत्रे आणि मोठ्या उद्योगांसाठीच्या ‘सेफ’ या चौकटीची वेगळी शिडी आहे.

आता याच्या शेजारी इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचा मापदंड ठेवून पाहा. १९९५ मध्ये स्थापन झालेली ही संस्था सॉफ्टवेअरशी संबंधित नाही, कोचिंग या कौशल्याशी आहे. तिच्या पहिल्या पायरीसाठी ६० तासांचे शिक्षण आणि प्रत्यक्ष माणसांसोबत १०० तासांचे कोचिंग लागते. दुसऱ्या पायरीसाठी १२५ तास शिक्षण आणि ५०० तासांचा अनुभव. सर्वोच्च पायरीला अडीच हजार तास. अ‍ॅजाइलची माहिती दोन दिवसांत मिळू शकते, कोचिंगचा हात बसायला तास मोजावे लागतात. नोकरीच्या जाहिरातींच्या चाळणीतून पुढे सरकण्यासाठी एखादे प्रमाणपत्र लागते, हे खरेच. पण कर्ज काढून सात-आठ प्रमाणपत्रे गोळा करणाऱ्यांची अवस्था पोहण्यावरची पुस्तके वाचून विहिरीच्या काठावर बसलेल्या माणसासारखी होते.

पण ही पदे तर कमी होत आहेत ना?

होय आणि उडी मारण्याआधी हे नीट पाहायला हवे. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेने अ‍ॅजाइलसाठीची स्वतंत्र पदेच रद्द केली. ११०० हून अधिक लोकांवर परिणाम झाला. बँकेचे म्हणणे होते की बदलाच्या सुरुवातीच्या टप्प्यात ही पदे महत्त्वाची होती. आता ते काम अभियंत्यांच्या नेहमीच्या कामातच सामावून घेतले जाईल. एका अर्थाने हा कोचच्या यशाचा दाखला, कारण चांगल्या कोचने स्वतःची गरज संपवायची असते, असे या क्षेत्रात सगळेच म्हणतात. नोकरी गेलेल्यांना त्याचे समाधान किती वाटले असेल, हा भाग निराळा.

त्याआधीपासून टीका आतूनच सुरू होती. जाहीरनाम्यावर सही करणारे डेव्ह थॉमस यांनी २०१४ मध्ये ‘अ‍ॅजाइल’ हा शब्द मेल्याचे जाहीर करून टाकले. २०१८ मध्ये मार्टिन फाउलर यांनी लोकांवर पद्धती लादणाऱ्या ‘अ‍ॅजाइल उद्योगा’वर बोट ठेवले आणि रॉन जेफ्रीज, म्हणजे तेच क्रायस्लरचे कोच, यांनी प्रोग्रॅमरना नामधारी अ‍ॅजाइल सोडून देण्याचा सल्ला दिला. २०२४ च्या अखेरीस अ‍ॅजाइल अलायन्स ही संस्था प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या छत्राखाली गेली. ज्या मॅनेजरगिरीविरुद्ध बंड म्हणून सुरुवात झाली, तिच्याच घरात मुक्काम.

महाराष्ट्राशी याचा थेट संबंध आहे. नॅसकॉम आणि झिनोव्ह यांच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात बहुराष्ट्रीय कंपन्यांची १७०० हून अधिक जागतिक क्षमता केंद्रे (जीसीसी) असून त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करतात. पुणे आणि मुंबई ही त्यांतली प्रमुख शहरे. या केंद्रांतील कार्यपद्धती मुख्यालयात ठरते. अ‍ॅम्स्टरडॅम किंवा व्हर्जिनियात कोच हे पद निर्माण झाले की ते खराडीत येते आणि तिकडे रद्द झाले की इकडेही जाते. सेवा कंपन्यांचे गणित त्याहून कडक. जून २०२५ पासून टीसीएसने वर्षातले किमान २२५ दिवस ग्राहकाला बिल लावता येईल असे काम असावे, ‘बेंच’वरचे दिवस ३५ पेक्षा जास्त नसावेत, असा नियम केला. प्रोग्रॅमरच्या तासांचे बिल ग्राहक भरतो. कोचच्या तासांचे बिल भरायला तो तयार आहे का, यावर त्या माणसाची नोकरी अवलंबून असते.

एआयचा परिणाम कोणत्या भागावर?

कोच आणि स्क्रम मास्टरच्या कामातला कारकुनी भाग आधी जाईल, किंबहुना जातोच आहे. बैठकीचे टिपण, कामांच्या नोंदी लिहिणे, आलेख काढणे, आठवड्याचा अहवाल, हे सगळे साधनांना जमते. ज्यांचे पद एवढ्यावरच उभे होते त्यांनी सावध व्हावे. दोन विभागप्रमुख एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून अडकलेला प्रकल्प सोडवणे मात्र अजून कोणत्या साधनाला जमलेले नाही. शिवाय कोड लिहिणेच वेगवान झाले, तर संघ किती जणांचा हवा, टप्पा दोन आठवड्यांचा कशाला, तपासणी कोण करणार, हे जुने प्रश्न पुन्हा नव्याने उघडतात. ते सोडवायला मदत करणारा माणूस लागेल; त्याचे पद ‘अ‍ॅजाइल कोच’ याच नावाचे असेल असे नाही.

मग वाढायचे कसे?

पहिली गोष्ट, नोकरी सोडून कोच होण्याचा प्रयत्न करू नये. बाहेरची कंपनी अनुभव नसलेला कोच सहसा घेत नाही आणि अनुभव तर कोच झाल्याशिवाय मिळत नाही. हा पेच आतूनच सुटतो. सध्याच्या कंपनीत, सध्याच्या पदावर राहून शेजारच्या एका संघाची सिंहावलोकन बैठक चालवायला मागावी. स्वतःच्या संघाची नको, कारण तिथे अधिकार आडवा येतो. महिनाभरात आणखी एक. वर्षभर एक-दोन संघांसोबत स्क्रम मास्टर म्हणून काम, मग दोन-तीन संघ, मग त्यांच्या मॅनेजरांसोबत. या काळात दोन टोप्या घालाव्या लागतात आणि त्रास होतो, पण पगार चालू राहतो.

दुसरी गोष्ट, कोणाच्या तरी शेजारी बसून शिकावे. अनुभवी कोचसोबत बैठकीला जायचे, नंतर अर्धा तास ‘तुम्ही तेव्हा गप्प का राहिलात?’ असे विचारायचे. गाण्यात गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसतात, त्यातलाच हा प्रकार. कंपनीत असा माणूस नसेल तर बंगळूरुतील ‘अ‍ॅजाइल इंडिया’सारख्या परिषदा आणि शहरांतले छोटे गट आहेत. तिथे भाषणापेक्षा मधल्या सुट्टीत जास्त शिकायला मिळते.

तिसरी, एक वही ठेवावी. कोणत्या संघासोबत किती तास, सुरुवातीला काय दिसले, काय करून पाहिले, काय फसले. मुलाखतीत ‘मी १२ संघांचे परिवर्तन केले’ या वाक्याला आता किंमत उरलेली नाही. ‘या संघाला एक बदल ग्राहकापर्यंत पोहोचवायला सहा आठवडे लागत होते, तपासणीच्या रांगेत चार आठवडे जात होते, रांग कमी केल्यावर तीन आठवड्यांवर आले आणि माझा अमुक उपाय फसला’ असे सांगणारा उमेदवार वेगळा उठून दिसतो. आकडे स्वतःचे हवेत, उसने नकोत.

चौथी, एक पाय जमिनीवर ठेवावा. अ‍ॅडकिन्स-स्पेड आराखड्यात वरच्या चार भूमिकांच्या जोडीला तंत्रज्ञान, व्यवसाय आणि संस्था-परिवर्तन अशी प्रभुत्वाची तीन क्षेत्रे आहेत. त्यांतले किमान एक खोलवर असावे. बँकेच्या कर्जव्यवहाराची खडानखडा माहिती असलेला कोच किंवा स्वयंचलित चाचण्या उभ्या करून देऊ शकणारा कोच, पद गेले तरी, उत्पादन व्यवस्थापक किंवा अभियांत्रिकी व्यवस्थापक म्हणून परत उभा राहू शकतो. ज्याच्याकडे केवळ बैठका चालवण्याचे कौशल्य आहे, त्याची परतीची वाट अरुंद. कॅपिटल वनच्या निर्णयानंतर हा मुद्दा सर्वाधिक चर्चिला गेला आणि तो रास्त आहे.

पद समोर आल्यावर काय विचारावे?

कंपनीने पद देऊ केले तरी लगेच होकार देण्यासारखी स्थिती नेहमी नसते. हे पद कोणाच्या बजेटमधून आहे, ग्राहकाच्या की कंपनीच्या? वर्षाच्या शेवटी कामाचे मोजमाप कशावर होणार? ‘किती लोकांना प्रशिक्षण दिले’ असे उत्तर आले, तर ते प्रशिक्षण विभागाचे काम आहे, कोचचे नाही. कोच कोणाला उत्तरदायी असेल? तो प्रकल्प प्रमुखाच्या हाताखाली असेल तर त्याच प्रकल्प प्रमुखाला अप्रिय सत्य सांगण्याची त्याची सोय राहत नाही. आणि दोन वर्षांनी संघ स्वतःच्या पायावर उभे राहिले, तर कोचला पुढे कोणती जागा आहे?

शेवटच्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी ‘तेव्हा बघू’ असे उत्तर मिळते. ज्यांच्या डोक्यावर अजून बारा वर्षांचा हप्ता आहे, त्यांनी ते उत्तर लेखी घेता येत नसले, तरी आपल्या हिशेबात जरूर धरावे.